वंदना रोज सकाळी लॅबमध्ये काय करायची

खिडकीकडच्या मशीनवर लायब्ररी इन्स्टॉल होत असतानाच वंदना खुर्चीवरून खाली कोसळली.

मी धावत पोचलो तेव्हा स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकत होती.
ती पूर्ण झाली.
वंदना हॉस्पिटलपर्यंतही पोचली नाही.

आज वर्ष झालं.

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, मी इंग्रजी.

ती लायब्ररी पायथनची, म्हणजे त्या संगणकभाषेतल्या तयार प्रोग्रामांची. वैज्ञानिक गणितासाठीची. ती चढली की ब्राउझरमध्ये नोटबुक उघडायचं. पोरींनी लंबकाच्या दोरीची लांबी बदलायची, कोडचा चौकोन, म्हणजे सेल, चालवायचा, आणि आलेख डोळ्यांदेखत बदलायचा.

एवढंच तिला हवं होतं.

पण लॅबमधल्या मशीन लॉक केलेल्या होत्या. बंद करून पुन्हा चालू केल्या की आदल्या दिवशी टाकलेलं सगळं पुसलं जायचं. कधीकाळी कुणी गेम टाकले होते, त्याची ही शिक्षा. लॉक काढायचा पासवर्ड फक्त लॅब-इन्चार्ज सरांकडे.

लॅबमध्ये नेटही नव्हतं. म्हणून वंदना शहरालगतच्या मावला गावातल्या घरून सगळ्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये भरून आणायची आणि तासाआधी एकेका मशीनवर तीच लायब्ररी पुन्हा चढवायची.

संध्याकाळी शिपाई मेन स्विच बंद करायचा.

रोज.

तिच्या हृदयाची झडप कमजोर होती. नागपूरच्या डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली होती.

मी म्हणायचो, "काऊन एवढं करून राह्यली? प्रोजेक्टरवर दाखव ना."

"दाखवलं की पोरी वहीत उतरवून घेतात, दादा. सोता आकडा बदलून पायतच नाही."

"मग पासवर्ड माग."

"मागतो ना. रेपु म्हणतात."

रेपु म्हणजे तेलुगूत उद्या. इन्चार्ज सरांचं ठरलेलं उत्तर. वंदनाने त्यांचं नावच रेपु सर ठेवलं होतं.

"तुमचं बरं हाय, दादा. तुमच्या कवितेले पासवर्ड लागत नाही."

पासवर्डमुळे ती गेली, असं मी म्हणत नाही.
कॉलेज भरायच्या आधी ती तिथे का होती, एवढंच विचारतो.

ती गेल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेला पहिला इमोजी रेपु सरांचा आला.

शोकसभेतही ते बोलले. मॅडम रोज सगळ्यांच्या आधी यायच्या. अशी निष्ठा आता दिसत नाही.

रोज का यायच्या, ते बोलले नाहीत.

मागच्या रांगेतून शेवटच्या वर्षाची सरिता उठली.

"सर, पासवर्ड आता तरी द्याल का?"

रेपु सर जागेवरूनच म्हणाले,

"बेटा, ये कोई टाइम है क्या पूछने का?"

मग प्रिन्सिपल घाईघाईने म्हणाले, मौन पाळू या. सगळे उभे राहिले.
सरिता आधीच उभी होती.

वंदना, तुला शेवटचा जय भीम.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर नवं टाइमटेबल लागलं. तिच्या लॅबच्या तासाला स्पोकन इंग्लिश होतं. पुढे माझं नाव.