सुरवाडे मॅडमचा आवाज

सुरवाडे मॅडम कुठल्याही खोलीत शिरताना आधी दारात थांबायच्या. वर्ग असो, मेस असो, कोणाच्या घरचं लग्न असो. आत काय बोलणं चाललंय ते दोन क्षण ऐकायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या. नवीन मुलांना वाटायचं, बाई चोरून ऐकतात. मलाही तसंच वाटलं होतं. पुढे कधीतरी मी हसत हसत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, रेडिओच्या चॅनेलवर कोणी आधीच बोलत असेल आणि आपण मध्येच बटण दाबलं, तर दोघांचंही फुकट जातं. तिसऱ्याला नुसती किंचाळी ऐकू येते. माणसांचंही तेच आहे."

धुळ्याच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रात त्या आमच्या शिक्षिका होत्या. उंचीनं बेताच्या, केस कानाच्या वर कापलेले, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. पण त्यांची खरी ओळख म्हणजे आवाज. तो गोड नव्हता, जरा खालच्या पट्टीतला होता. कानावरच्या हेडफोनमध्ये इंजिनाची घरघर चालू असताना तो आवाज आला, की आपल्या शेजारी कोणीतरी शांत माणूस बसलंय असं वाटायचं. त्यांचे वडील भुसावळ स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. "बाबा सांगायचे, गाडी कुठली आणि फलाट कुठला, एवढंच सांगायचं. प्रवाशाला तुझा आवाज नको असतो, त्याला गाडी हवी असते." हे वाक्य आम्ही प्रत्येकानं त्यांच्याकडून निदान शंभरदा ऐकलं असेल.

मी सोनगीरच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरी वडिलांची, म्हणजे आबांची, कापूस-मक्याची शेती. बारावीला विज्ञान होतं, मामानं जोर लावला आणि मी थेट विमानात जाऊन बसले. विमान उडवण्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती रेडिओची. दोन माणसांच्या त्या विमानात समोरच्या पॅनलच्या मधोमध तो बसवलेला होता, शिदोरीच्या डब्याएवढा. त्यावर चॅनेलचे दोन आकडे उजळलेले. डावीकडचा आकडा म्हणजे आत्ता ज्यावर बोलणं चालू आहे तो. उजवीकडचा राखीव. नवा आकडा आधी राखीव जागी जुळवायचा, मग बाणाचं बटण दाबलं की दोघांची अदलाबदल होते. मोठी गोल चकती पूर्ण आकडे बदलते, तिच्यावर बसलेली छोटी चकती दशांशानंतरचे. एवढंच काय ते. पण बोलायचं बटण दाबलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. डोक्यात सगळं अहिराणीत यायचं, तिथून मराठीत, तिथून इंग्रजीत, आणि तोवर समोरचा विचारायचा, "कोण बोलतंय?"

पहिल्या दिवशी मॅडमनी मला बोलायला लावलंच नाही. आवाजाचं बटण बाहेर ओढायला सांगितलं. कानात मोठी खरखर भरली.

"काय ऐकू येतं?"

"खरखर, मॅडम."

"छान. म्हणजे याचे कान शाबूत आहेत. आता बटण आत ढकल. बोलायचं नंतर बघू. हे यंत्र ऐकण्यासाठी आहे, बोलणं ही त्याची जास्तीची सोय."

चकती फिरवतानाही त्यांची एक शिस्त होती. मी आकडा जुळेपर्यंत मान खाली घालून बसायचे. त्या माझ्या हनुवटीखाली पेन धरून मान वर करायच्या. "एक टिक, मग बाहेर बघ. पुन्हा एक टिक, पुन्हा बाहेर. आकडा कुठे पळून जात नाही. समोरचं विमान येतं."

माझी जीभ सुटावी म्हणून त्यांनी काढलेला उपाय मात्र केंद्रात गाजला. मेसमध्ये जेवण मागायचं ते रेडिओच्या पद्धतीनं. कोणाला बोलावतेय, मी कोण, मी कुठे आहे, मला काय हवंय, याच क्रमानं. मेस सांभाळणारे नाना आधी चिडले, मग त्यांनाच गोडी लागली. मी म्हणायचे, "नाना, ज्योती, खिडकीजवळच्या टेबलावर, एक कळण्याची भाकरी आणि ठेचा." नाना तव्यावरून ओरडायचे, "ज्योती, खिडकीजवळ, भाकरी येस, ठेचा सरना!" भाकरी येतेय, ठेचा संपला. मॅडम खूश. "बघ, नानांनी ऐकलेलं परत म्हणून दाखवलं. चुकीला जागाच नाही." मग नानांना म्हणायच्या, "तुम्हाला मी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवर बसवते."

त्यानंतरची गोष्ट माझ्या एकटीच्या उड्डाणाची. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या विमानतळाभोवतीच झाल्या होत्या. त्या सकाळी पहिल्यांदाच मला एकटीला उत्तरेकडे सरावाच्या भागात पाठवलं. हवा स्वच्छ होती. थोड्याच वेळात खाली सोनगीरचा किल्ला दिसला, महामार्गाची पट्टी दिसली, आणि किल्ल्याच्या पलीकडे आमचं गाव. आमची विहीर, पत्र्याचं घर, कापूस. कॉकपिटमध्ये मी एकटी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आबा, तुन्हा कापूस कितला धाकला दिसस! बठ्ठं गाव मुठमा मावाई जाई!" सगळं गाव खरंच मुठीत मावलं असतं. आबांचं नाव घेतलं आणि तोंड सुटलंच. घरावरून गेले, शाळेवरून गेले, तिथे मला छडी मारणाऱ्या गुरुजींनाही दोन शब्द सुनावले.

मग लक्षात आलं की कानात काहीच येत नाहीये. एरवी सकाळी मुलांची बडबड सतत चालू असते. आता पूर्ण शांतता. मी आवाज वाढवला. काही नाही. मॅडमचं एक सांगणं आठवलं, "रेडिओ गप्प झाला की जगाला दोष देऊ नकोस, आधी आपल्या घरात बघ." मी रेडिओकडे बघितलं. चालू आकड्याशेजारी छोटं टी हे अक्षर पेटलेलं होतं. आपण बोलत असतो तेव्हाच ते पेटतं. मी तर बटणाला हातही लावला नव्हता. हँडलला पट्ट्यानं बांधलेलं ते बोलण्याचं बटण आतल्या आत अडकून बसलं होतं. म्हणजे मी उडाल्यापासून जे काही बोलले ते सगळं चॅनेलवर गेलं होतं, आणि माझं बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कोणालाही एक शब्द बोलता येत नव्हता. त्याच वेळी आमच्यातला आणखी एक मुलगा विमानतळाभोवती एकटाच फेऱ्या मारत होता, हे मला माहीत होतं. उतरायला निघालेल्या त्या मुलाला कोणी काही सांगू शकत नव्हतं, ते माझ्यामुळे.

मी बटणाची वायर पॅनलमधून ओढून काढली. अक्षर विझलं. आणि कानात मॅडमचा आवाज आला, रोजच्यासारखाच, जरासुद्धा घाई नसलेला.

"ज्योती, तुझा आवाज थांबला. म्हणजे आता तू मला ऐकतेस. उत्तर देऊ नकोस, देता येणार नाही. इथे सगळे ठीक आहेत. विमानतळावर ये, माझ्या डोक्यावरून जाताना पंख हलव, मग उतर."

मी तशीच आले. खाली मॅडम धावपट्टीच्या कडेला हातात सिग्नलचा दिवा घेऊन उभ्या होत्या. त्या मुलाला त्यांनी त्याच हिरव्या दिव्यावर उतरवलं होतं. मी पंख हलवले. त्यांनी हात वर केला.

उतरल्यावर सगळं केंद्र दारात उभं. नाना पोटावर हात ठेवून हसत होते. "पोरी, तू बठ्ठं बोलनी नि आम्हीन बठ्ठं ऐकं!" मला रडू फुटलं. मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, सगळ्यांनी ऐकलं."

"हो, ऐकलं ना. मीही ऐकलं. इतका वेळ बोललीस आणि एकदाही अडखळली नाहीस. तुला बोलता येतं, ज्योती. आता फक्त थोडं कमी बोलायचं."

त्या दिवसानंतर मी रेडिओला घाबरले नाही. परवाना मिळाला, आणि पुढे तिथेच मॅडमच्या हाताखाली मी शिकवायला लागले.

मॅडमचा आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही त्यांना काढे देत होतो. नाना हळदीचं दूध आणून ठेवायचे. शेवटी त्या मुंबईला दाखवून आल्या आणि मला एकटीला सांगितलं. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. बोलता न येणाऱ्या माणसाला विमान उडवता येत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्या शेवटचं उडून आल्या. बाकी कोणाला माहीत नव्हतं. रेडिओवर त्यांनी नेहमीसारखंच सांगितलं, धावपट्टी मोकळी केली, आणि रेडिओ बंद केला. मी विचारलं, "मॅडम, काहीतरी बोलायचं होतं ना. शेवटचं."

"चॅनेलवर?" त्यांनी खरोखर रागानं माझ्याकडे बघितलं. "कोणी उतरत असेल, ज्योती."

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी त्या परत आल्या, गळ्याभोवती सुती स्कार्फ बांधून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांना दिलं होतं. ते त्या भाजी आणायला जाताना वापरायच्या. केंद्रात कधी आणलं नाही. आमच्याशी मोबाईलवर टाइप करून बोलायच्या. मुलांना रेडिओचा सराव त्याच द्यायच्या. मुलं बोलायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि चूक झाली की एक बोट वर. मुलं म्हणायची, पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते. मॅडमना ते सांगितलं तर त्यांनी टाइप केलं, "बाबा असते तर म्हणाले असते, आता जमलं तुला."

पण एका दुपारी मी हँगरमध्ये गेले, तर त्या उभ्या असलेल्या विमानात एकट्याच बसल्या होत्या. इंजिन बंद, कानाला हेडफोन, समोर रेडिओचे आकडे पेटलेले. हात मांडीवर. बॅटरी चालू राहिली म्हणून आम्हाला सगळ्यांना ज्यांनी कधी ना कधी झापलं होतं त्या मॅडम. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मॅडम, बॅटरी उतरेल."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. "उतरू दे."

मी म्हटलं, "त्यापेक्षा इंजिन चालू करू. आपोआप चार्ज होईल."

त्यांनी हेडफोन काढला आणि रेडिओ बंद केला.

मुख्य शिक्षकांकडे मी मॅडमना घेऊन उडायची परवानगी मागितली, त्यांनी लगेच मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वैमानिक मी, मॅडम शेजारी. आकडे त्या जुळवायच्या, बोलायचं मी. माझा हात रेडिओकडे जायच्या आत त्यांनी पुढचा आकडा राखीव जागी आणून ठेवलेला असायचा. पाचोऱ्याच्या उत्तरेला आलो तेव्हा जळगावच्या टॉवरला मी कळवलं, की उतरणार नाही, विमानतळावरून जाऊन परत फिरणार आहे. परवानगी मिळाली. थोड्या वेळानं टॉवरवरचा तो माणूस मराठीत म्हणाला, "धुळ्याच्या सुरवाडे मॅडमचा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. बदली झाली का त्यांची?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग.

"त्या माझ्या शेजारी आहेत. ऐकतायत. त्यांना बोलता येत नाही आता."

मग आलं, "मॅडम, जळगावचा नमस्कार."

मॅडमनी आपल्या बाजूचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, सोडलं. टक, टक. बाकी काही नाही.

"मिळालं, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता. परतीच्या वाटेवर मॅडम सारखं बाहेर बघत होत्या, आणि त्यांचा स्कार्फ पुढून भिजला होता.

पुढच्या हिवाळ्यात त्या भुसावळला आईकडे गेल्या. दुखणं परत आलं होतं. तिथेच त्या वारल्या. धुळ्याहून आम्ही सगळे पोहोचलो. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या, बुद्धवंदना झाली, हळूहळू माणसं पांगली. मी त्यांच्या आईशेजारी बसले होते. तेवढ्यात एक टक्कल पडलेले, जाडजूड गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. कोणाच्याच ओळखीचे नव्हते. आईंनी विचारलं, "कोण भाऊ तुम्ही?"

"मी जळगावहून आलोय," ते म्हणाले, आणि मी आवाजावरून ओळखलं.

त्यांनी आईंना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून, जरा संकोचानं, हळू आवाजात विचारलं, "ताई, मॅडमचा एखादा फोटो बघायला मिळेल का? इतकी वर्षं रोज बोलायचो आम्ही. मी त्यांना कधी पाहिलंच नाही."