खांदशेकणीचे आवतन

आमच्या घरात ज्याला तोंड नाही त्याची काळजी सगळ्यांत आधी घेतली जाते. बैल, गाय, वासरू, वांग्याचे रोप, मिरचीचे रोप, अशी ती रांग आहे. माणसे अगदी शेवटी. माणसाला तोंड आहे, दुखले तर तो सांगेल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब माझ्या थोरल्या भावाचा. तो चुकीचा आहे हे मी त्याला पुष्कळदा सांगितले आहे. तोंड असून भागत नाही, ते उघडावे लागते. आणि आमचा भाऊ ते फक्त जेवायला आणि बैलांशी बोलायला उघडतो.

कारंज्याच्या वेशीबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. तराजू माझ्या हातात आणि कासरा त्याच्या हातात, अशी आमची जुनी वाटणी. मी सांगतो ती गोष्ट आम्ही दोघेही धडधाकट होतो तेव्हाची. आमच्या शिवारात पाण्याची इंजिने अजून यायची होती. विहिरीवर मोट चाले. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जाई तशी कातड्याची मोट भरून वर येई आणि पाटात रिकामी होई. मग जोडीला त्याच उतारावरून उलट्या पावली मागे वर यावे लागे. मागे चालणे हे बैलाच्या स्वभावात नाही, ते त्याला शिकवावे लागते. आमच्या जोडीला, तांबड्याला आणि ढवळ्याला, ते भावाने शिकवले होते.

त्या वर्षी श्रावणात पावसाने ताण दिला. एरवी त्या दिवसांत मोट आढ्याला टांगलेली असायची, ती खाली काढून भिजत घालावी लागली. बैलांच्या खांद्यांची जू वाहण्याची सवय मोडलेली होती. तांबड्याचा खांदा आधी सुजला, मग सोलला. भावाच्या ते लगेच लक्षात आले. मोट अर्ध्यावर असतानाच त्याने जोडी थांबवली, मोट परत विहिरीत सोडली आणि तांबड्याच्या मानेवरचे जू उतरवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तांबड्याला ढोरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली, डबीत मलम दिले आणि बजावले, "खांदा पुरता वाळेपर्यंत जू ठेवायचं नाही."

"नाई ठेवत जी," भाऊ म्हणाला. या माणसाने डॉक्टरचे ऐकले, ते एवढेच.

प्रश्न राहिला पाण्याचा. शेजारच्या शेतकऱ्याने मोठ्या मनाने आपला एक बैल देऊ केला. "घेऊन जा न बाप्पा, माहा बसूनच हाय." ढवळ्याच्या जोडीला त्याला जुंपले. तो तडफेने खाली गेला, मोट वर आली, पाटात पाणी पडले. मला वाटले, सुटलो. पण मागे यायची वेळ आली तेव्हा तो बैल धावेच्या तळाशी उभाच राहिला. शेजारी ओरडला, "मांगं सर! मांगं!" बैलाने शांतपणे तोंड वळवले आणि ढवळ्याला ओढत स्वतःच्या घराची वाट धरली.

"माहा बैल सरळ हाय," शेजारी हसत म्हणाला. "पुढं जानं त्याले समजते. मांगं येनं त्याले कोनी शिकवलंच नाई."

"मालकावर गेला," मी म्हणालो. मला हसू येत नव्हते.

भावाने त्या बैलाला सोडले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि आमच्या गोठ्यातला हिरवा चारा त्याच्यापुढे टाकला. "पाहुना हाय तो. उपाशी कसा धाडू?"

मग त्याने कावड काढली. मळ्याच्या विहिरीला एका बाजूने उतरायला पायऱ्या आहेत. खाली उतरायचे, दोन घागरी भरायच्या, बांबूच्या दोन टोकांना अडकवायच्या, बांबू खांद्यावर घेऊन वर चढायचे आणि वाफ्यापर्यंत जायचे. बैलांचे काम भावाने असे स्वतःच्या खांद्यावर घेतले, कोणाला न विचारता.

मला राहवेना. मी त्या मोटेत घागरी ओतून पाहिल्या. एक मोट म्हणजे कावडीच्या सहा खेपा आणि वर अर्धी घागर. म्हणजे बैलजोडी जेवढे पाणी देत होती तेवढे द्यायचे तर माझ्या भावाला सहा माणसे व्हावे लागले असते. हे मी त्याला पायरीवरच अडवून सांगितले.

"बरं," तो म्हणाला. "मंग बाकीचे पाच तू आन."

पाच मी कुठून आणणार? पण एक होतोच. मी कावड घेतली. बांबू खांद्यावर ठरेना, घागरी हिंदकळत राहिल्या. भाऊ वाफ्याशी उभा राहून बघत होता. "अबे लहान्या, तुह्या कावडीतलं पानी त वाटच पिऊन राह्यली. अशानं वाटंवर वांगे लागतीन." त्याने बांबू माझ्या खांद्यावरून उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. नेहमी तोच खांदा, उजवा. डावीकडे बदलून घे म्हटले तर म्हणे, सवय नाही.

शेवटी मी शेवटचा उपाय काढला. "अर्धे वांगे मरू दे, भाऊ. अर्ध्याईले पानी पुरते. सगळ्याईले थोडं थोडं देत बसशीन त एकही झाड जगनार नाई."

त्याने कावड खाली ठेवली. "कोनते अर्धे?"

"म्हंजे?"

"ये इकडं. कोनते मारू थे तू बोट ठेवून दाखव. झाडाले काय तोंड हाय? तान लागली म्हनून सांगता येते त्याले?"

मी वाफ्यांकडे पाहिले. हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण बोट ठेवायला मला एकही झाड सापडेना. तो पुन्हा पायऱ्या उतरून गेला आणि मी एका बरोबर हिशेबासकट तिथे उभा राहिलो. असा संताप मला आयुष्यात फार वेळा आलेला नाही.

त्याच्या खांद्याकडे पहिले लक्ष गेले ते माझ्या वहिनीचे. जेवताना तो घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड घासाकडे नेऊ लागला होता. हात वर येत नव्हता. सदरा काढायला सांगितला तर काढेना, कारण तो खांद्याला चिकटला होता. वहिनीने विचारले, "दुखते काय?" तर म्हणे, "काई नाई. तांबड्याले मलम लावलं काय?"

तांबड्याला पुन्हा दाखवायला न्यायचे होते, तेव्हा मी मनाशी एक बेत केला. ढोरांच्या दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, माणसांचा दवाखाना आहे. बैलासाठी हा येईल, मग तिथून पलीकडे ओढून नेऊ.

ढोरांच्या डॉक्टरांनी जखम पाहिली. "छान वाळत आहे. पण अजून काही दिवस जू नको." मग त्यांची नजर भावाच्या सदऱ्यावरच्या डागाकडे गेली. "आणि हे काय?"

"काई नाई जी."

"काही नाही कसं? समोर दवाखाना आहे, दाखवून घ्या."

भावाने डबीकडे बोट केले. "याच्यातलंच लावा न जी थोडकं."

"अहो, ते ढोरांचं आहे."

"मंग काय झालं? त्याले लागू पडून राह्यलं न!"

डॉक्टर हसायला लागले. मी मात्र भावाचा डावा हात धरला आणि त्याला रस्ता ओलांडून नेले. ओसरीवर माणसे बसली होती, त्यांच्यामागे आम्हीही बसलो. थोडा वेळ तो बसला. मग उठला. "तांबडा उन्हात उभा हाय," म्हणाला आणि चालू लागला. मी हाक मारली, तशी मागे न वळता म्हणतो, "मी काय बैल हाओ काय, दवाखान्यात बांधून ठेवाले?"

"बैल असता त आजवर बरा झाला असता!" मी ओरडलो. ओसरीवरची सगळी माणसे माझ्याकडे पाहू लागली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्हाला काय होतं?" मला काही होत नव्हते; ज्याला होत होते तो बैल घेऊन घरी गेला होता. हे त्यांना समजावून सांगताना मला लाज वाटली. त्यांनी न पाहताच एवढे सांगितले, की त्या खांद्यावर ओझे अजिबात नको, गरम पाण्याने शेका. आणि आत पू धरला असेल तर माणूस घेऊन या, नाहीतर तो हात जन्माचा आखडेल.

हे मी घरी सगळ्यांसमोर सांगितले. भाऊ ऐकत होता. हात आखडला तर कासरा कसा धरशील, असे मी विचारले. तो म्हणाला, "डावा हाय न." आणि सकाळी पुन्हा कावड.

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून शिणलेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद-लोणी लावायचे आणि पळसाच्या पानांनी हलक्या हाताने चोळायचे. मग बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतन द्यायचे. ज्यांना एरवी 'चल' आणि 'हो' म्हणून हाकायचे त्यांना त्या दिवशी मानाने बोलायचे: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतन दिले की पाहुणा जेवून होईपर्यंत त्याच्या खांद्यावर काही ठेवायचे नाही. या बाबतीत आमच्या भावाइतका कडक माणूस सगळ्या शिवारात नसेल.

वहिनीने ढवळ्याचा खांदा शेकला. तांबड्याची जखम सोडून भोवतीने शेकले. दोघांना आवतन दिले. मी लोण्याची वाटी धरून उभा होतो. भाऊ तांबड्याची वेसण धरून होता.

वहिनी त्याच्याकडे वळली. "आता तुमी बसा."

"काहून?"

"बसा म्हनलं न."

तांबड्याच्या शेजारच्या दगडावर तिने त्याला बसवले आणि गरम पाणी ओतून ओतून सदरा खांद्यावरून सोडवला. आतला खांदा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तांबड्याचा यापेक्षा बरा होता.  वहिनीने फडके पिळले, शेकले, सोललेली जागा सोडून हळद-लोणी लावले, पळसाचे पान फिरवले. मग समोर उभी राहून बैलांना म्हटले तेच शब्द तिने त्याला म्हटले. एक अक्षरही बदलावे लागले नाही. ती नवऱ्याशी 'घ्या, या' असेच बोलते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येडी झाली काय वं?" भाऊ म्हणाला.

"आवतन देल्लं. आता खांद्यावर कावड ठेवान त आवतन मोडते. बैलाचं मोडता काय तुमी कधी?"

भावाने माझ्याकडे पाहिले. हे मी शिकवले असावे असा त्याचा संशय होता. मी शिकवले नव्हते. मी त्याला मोटेचे माप सांगितले होते, डॉक्टरचे म्हणणे सांगितले होते, हात जाईल हे सांगितले होते. त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नव्हता. आणि ज्यात माप नाही, कारण नाही, अशा चार शब्दांपुढे हा माणूस मान खाली घालून बसला. मला बरे वाटायला हवे होते. मला राग आला.

पोळ्याच्या दिवशी त्याने कावडीला हात लावला नाही. पण संध्याकाळी, वेशीवरचे पोळ्याचे तोरण सुटून बैल घरी आल्यावर, म्हणाला, "जेवलो मी. आवतन फिटलं. सकाळी पानी देतो."

वहिनी गरम पाण्याचे भांडे घेऊन बाहेर आली. "बसा."

"अवो, पोळा झाला!"

"बैलाचा झाला," ती म्हणाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग हे रोजचे झाले. संध्याकाळी शेकायचे आणि दुसऱ्या दिवसाचे आवतन द्यायचे. कावड मी, वहिनी आणि माझी बायको वाहत होतो. माझ्या घागरीतले पाणी वाट पीतच होती. विहिरीपासून लांबचे वांग्याचे वाफे वाळले. कोणते अर्धे, हा प्रश्न आपोआप सुटला. भाऊ बांधावर बसून त्या वाफ्यांकडे पाहत राही, पण उठत नसे. आवतन घेतलेले होते. पुढे पाऊस आला आणि आमच्या कावडी सुटल्या.

खांद्याची कातडी वरून भरत आली, पण हात अजून वर जात नव्हता. दवाखान्याचे नाव काढले की तो गोठ्यात निघून जाई. पाऊस आल्यावर आता शेकायची गरज उरली नाही असे त्याला वाटत असेल, असे मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी गाय दूध द्यायला अडली आणि वहिनीला तिच्यापाशी उशीर झाला. मी गोठ्यात गेलो तर भाऊ दगडावर बसलेला, सदरा आधीच काढून ठेवलेला, तांबड्याच्या शेजारी. वहिनीच्या दिशेने पाहून तो म्हणाला,

"अवो, आज आवतन नाई काय?"

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "दुखते काय?"

तो बराच वेळ तांबड्याची पाठ खाजवत राहिला. मग म्हणाला, "दुखते. आतून ठणकते."

हा एक शब्द काढायला घरातल्या सगळ्या माणसांचा, दोन डॉक्टरांचा आणि अर्ध्या वांग्यांचा जीव खर्ची पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माणसांच्या दवाखान्यात नेले. आत पू होताच. डॉक्टरांनी तो काढला, आणि पुढे त्याचा हात हळूहळू वर आला. तो ओसरीवर न उठता, न कुरकुरता बसला, हे मी कबूल करतो. पण तांबड्याला सोबत न्यावे लागले, आणि माणसांच्या दवाखान्यासमोर, झाडाच्या सावलीत, त्याची वेसण धरून पूर्ण वेळ मी उभा होतो.