खजिनदार झालेला साहेब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—तुमच्या आजोबांनाही नाही. आता थकले आहे, मुलांनो. लपवायचेसुद्धा श्रम वाटतात.

फोनवर तुम्ही विचारता, आजी, ते आरमारी साहेबाचं पुस्तक तूच केलंस ना? हो—म्हणजे, मीच. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अधिकारी, जहाजावरच्या सैनिकांचा. कोवळ्या वयात भरती, चीनच्या समुद्रात लढाया, दोन बढत्या, मग वरिष्ठावर हात उगारला, आणि शेवटी सिकंदराबादेत कवायत शिकवत म्हातारपण. त्याच्या नोकरीचे कागद आमच्या मराठी मंडळाला मिळाले. भाषांतर मी करायचं, मालतीनं सुवाच्य अक्षरात उतरवायचं. मालती मलकपेठेची, नवरा गेलेला. इंग्रजी तिनं घरीच, डिक्शनरी घेऊन शिकलेलं. या पुस्तकानंतर मंडळ तिला कायम करणार होतं.

कागदात होतं, साहेब 'कॅशियर्ड' झाला. मी लिहिलं—खजिनदार झाला. सोपंच होतं, नाही का?

मालती थबकली. "ताई, वरिष्ठावर हात उगारल्यावर कुणी खजिना सोपवतं का? डिक्शनरी बघू या?"

"कॉन्व्हेंटात तू शिकलीस की मी?" हसत म्हटलं—पण म्हटलं.

पुस्तक छापून आलं. हिमायतनगरच्या सभेत अध्यक्ष, जुने वकील, भर सभेत हसले. "कॅशियर्ड म्हणजे बेइज्जत करून हाकललेला! त्याच्याच हाती तिजोरी? कमाल आहे! कुणाचं हे डोकं?"

मालतीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी—मी काय केलं? मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ती पानं मालतीनं केली होती."

तिला बोलता आलं असतं. माझ्या अक्षरातला खर्डा तिच्या पिशवीत होता. "चुकलं, साहेब," एवढंच ती म्हणाली. तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. खर्डा माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा तुमच्याजवळ असू द्या, ताई. माझ्याकडे कुणी पाहिला तर—"

आणि निघालीच. ती जिना उतरायच्या आत मी तो फाडला.

मालती गेल्या वर्षी वारली. नंतर तिच्या घरी भेटायला गेले, तेव्हा तिची मुलगी म्हणाली, "तुमच्याबद्दल फार बोलायची. आईला काही इंग्रजी जमलं नाही, ना हो?"

मी मान हलवली—नाही जमलं, अशी.