बडा गणपतीच्या गळ्यातली माळ

नागपूर स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी आईने खिडकीतून माझ्या हातात एक पुडी दिली. आत तिने वळलेली कापसाची वस्त्रमाळ होती. "इंदुरात मोठा गणपती आहे म्हणतात. त्याच्या गळ्यात घाल, म्हणजे त्याचं तुझ्याकडे लक्ष राहील." छप्पन साली नवी राज्यं झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेलं आणि माझं ऑफिस दुसऱ्यात, इंदूरला. ऑफिसातले काही माझ्यासारखेच निघाले, काही फलाटावर राहिले.

बडा गणपतीसमोर उभा राहिलो आणि मला हसूच आलं. मूर्ती दुमजली घराएवढी आणि माळ आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या मापाची. पुजारी म्हणाले, "भिया, गले तक तो चोला चढ़ाते वक्त ही पहुँचते हैं. अभी चरणों में रख दो." ठेवली. चोला म्हणजे शेंदराचा लेप; तो चढवतानाच परांची बांधतात.

रविवारी शहर बघत फिरायचो. राजवाड्याचे सात मजले पाहिले, कृष्णपुऱ्याच्या, राजघराण्याच्या समाधीवरच्या दगडी छत्र्या पाहिल्या. पण एखाद्या नक्षीकडे बोट दाखवून 'हे बघ' म्हणायला शेजारी कोणी नसलं की बघण्यात जीव राहत नाही. काच मंदिरात भिंतींत, छतात, जिकडेतिकडे मीच दिसत होतो. एवढी सोबत मला त्या गावात दुसरीकडे मिळाली नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईला माळेची गंमत सांगितली. ती हसली नाही. "म्हणजे तू अजून वाऱ्यावरच आहेस," म्हणाली आणि कापूस घेऊन बसली.

पुढच्या वर्षी ती स्वतःच आली, नव्या माळेचं उशीएवढं गाठोडं घेऊन. चोला चढवायला परांची बांधलेली होती. पुजाऱ्यांनी माळ वर नेली आणि ती गळ्यात नीट बसली. आई मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, सुटलो. बाहेर येऊन चपला घालताना ती म्हणाली, "त्याला माळ घालायला चार माणसं वर चढली. तू तापाने पडलास तर कोण येतं रे?"

मी म्हटलं, "चल, तुला काच मंदिर दाखवतो."

तिथे ती छताकडे बघून लहान मुलीसारखी हसली. "हे बघ, हे बघ. केवढी माणसं झालो आपण!"

आता इथेच म्हातारा झालो. आई गेली, नागपूरचं घर विकलं. घर कुठे म्हणून कोणी विचारलं की मला ती दुपार आठवते. काच मंदिरात अजूनही कधीतरी जातो. मान वर करतो, तर सगळीकडे मी एकटाच.