झोपून उठलीस की येते

दीपमालाला फटकळ म्हणणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. कर्वेनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवते. मी तिच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रोज खाली जाऊन पोरांना गोष्टी सांगायला लागले. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण तिनं हाकललंही नाही, आणि दीपमालाच्या बाबतीत यालाच आग्रहाचं आमंत्रण म्हणतात.

तिची खरी शिकवणी पोरांची नसते, आईबापांची असते. नवीन मूल आलं की पहिला आठवडाभर ती पालकांना दारात उभं करून ऐकवते. “घ्यायला याल तेव्हा फोन खिशात. पोरानं तुमचं तोंड बघायचं की फोनची पाठ?” “काय खाल्लं, किती खाल्लं, हे मागाहून मला विचारा. पोराला आधी उचलून घ्या.” “आई नाही म्हणाली की बाबानंही नाहीच म्हणायचं. भांडायचं असेल तर पोर झोपल्यावर भांडा, मी नको म्हणत नाही.” एक बाबा एकदा हळूच म्हणाले, की याबाबत हल्ली तज्ज्ञांचं मत जरा वेगळं आहे. “मग तज्ज्ञांकडे ठेवा,” दीपमाला म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते बाबा मुकाट्यानं पोराला घेऊन हजर. मला तो दिवस फार आवडला होता.

पण तिचा सगळ्यांत कडक नियम एकच. मुलाला चुकवून जायचं नाही. पोर खेळण्यात गुंतलं की चपला हातात घेऊन सटकणारे आईबाप तिला चोर वाटतात. मूल रडलं तर रडू दे, पण त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला सांगून जा. आणि सांगताना पाच वाजता येते असं सांगू नका. पोराला पाच म्हणजे काय कळणार? काय झाल्यावर येणार ते सांगा. खिचडी खाल्लीस, झोपलीस, झोपून उठलीस की येते. आणि येते म्हटलं की यायचं.

हा नियम कुठून आला ते तिनं मला एकदाच सांगितलं. ती लहान असताना तिच्या आईला नगरला नर्सची नोकरी लागली. आईनं तिला सदाशिव पेठेत मावशीकडे आणलं, दुपारी थोपटून झोपवलं आणि ती झोपल्यावर निघून गेली. रडारड नको म्हणून. “दिवाळीला आली,” दीपमाला म्हणाली. “खूप खाऊ घेऊन आली. पण मी तिच्याशेजारी झोपायला तयार नव्हते. तिला फार लागलं ते.” एवढं बोलून ती गवार मोडायला बसली.

ऋतुजा आमच्याच गल्लीत राहायची. हिंजवडीला नोकरी. मुक्ता, तिची मुलगी, पाळणाघरात आली तेव्हा दोन वर्षांची होती. पहिल्याच दिवशी ऋतुजा चुकवून निघाली होती, पण दीपमालानं तिला फाटकातून परत आणलं. “पोरीला सांग, मग जा.” सांगता सांगता ऋतुजाच पोरीपेक्षा जास्त रडली. मात्र नंतर तिच्याइतका तो नियम कुणी पाळला नाही. रोज सकाळी दारात उकिडवं बसायचं, पोरीचे गाल हातात धरायचे आणि म्हणायचं, “मुक्ता, खिचडी खायची, गाई करायची. झोपून उठलीस की येते हं.” आणि खरंच यायची. ऑफिसातून दुपारीच निघायची, राहिलेलं काम रात्री घरून करायची. लोक टोमणे मारतात म्हणाली होती एकदा. “मारू देत. मी पोरीला शब्द दिलाय.” मुक्ता डोळे चोळत उठायची तेव्हा दारात आई उभी असायची. मला वाटतं त्या पोरीची समजूत अशीच होती, की आपण उठतो म्हणून आई येते.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ऋतुजा अशीच दारात बसली, येते म्हणाली आणि गेली. दुपारी ऑफिसात डबा खाताना डोकं फार दुखतंय म्हणाली आणि खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांची मुलगी. मुक्ताला घ्यायला त्या दिवशी आजी आली. आई कामासाठी परगावी गेलीय, असं तिनं नातीला सांगितलं. त्या घटकेला बिचारीला दुसरं काय सुचणार!

तेरावं झाल्यावर मुक्ता परत यायला लागली. सकाळी तिला आमोद सोडायचा, तिचा बाबा. तो दारात काही बोलायचाच नाही. नुसता पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि निघायचा. आजीनं आम्हा दोघींना हात जोडून सांगितलं, “तिला काही कळू देऊ नका. एवढीशी आहे, विसरेल हळूहळू. ती रडायला लागली तर माझा मुलगा मोडून पडेल हो.” मी दीपमालाकडे बघितलं. वाटलं, आता ही फाडकन काहीतरी बोलणार. पण ती नुसतं “बरं” म्हणाली. आजी गेल्यावर मला म्हणाली, “दुःख त्यांचं आहे, वहिनी. त्यात मी कोण नियम सांगणार?”

मुक्ता रडत नव्हती. आईबद्दल विचारतही नव्हती. आजी म्हणायची, “बघा, विसरतेय.” मलाही तसंच वाटलं. उलट पोर शहाण्यासारखी वागायला लागली होती. जी पोर आधी खिचडीचा घास गालात धरून बसायची, ती आता ताटली चाटूनपुसून संपवायची आणि कुणी सांगायच्या आत चटईवर जाऊन आडवी व्हायची.

मग एका दुपारी दीपमालाचा फोन आला. “वहिनी, खाली या. बोलू नका, नुसतं बघा.”

खोलीत पोरं झोपली होती. मुक्ता भिंतीकडच्या चटईवर होती. तिनं डोळे घट्ट मिटले होते, इतके की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. थोड्या वेळानं ती उठून बसली आणि दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. तिनं पांघरूण नीट पायावर ओढलं, परत आडवी झाली, परत डोळे मिटले. परत उठली. दाराकडे बघितलं. परत झोपली. दीपमाला हलकेच तिच्याजवळ जाऊन बसली. “काय गं मनी, झोप येत नाही का?” मुक्ता डोळे न उघडता कुजबुजली, “काकू, मी नीट झोपतच नाहीये.”

दीपमाला उठून स्वयंपाकघरात आली. ओट्याला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. “वाक्य माझं आहे हो,” ती म्हणाली. “मी शिकवलंय ते तिच्या आईला. पोरगी रोज स्वतःला दोष देत झोपतेय, आणि आपण म्हणतोय विसरतेय.” मी तिला म्हटलं, अगं, तुझं काय चुकलं यात, तू चांगलंच शिकवलंस. ते खरंही होतं. पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

तिनं आमोदला फोन करून तसंच बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. दीपमालानं त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. तो शर्टाची बटणं काढून परत नीट लावत बसला.

“मी तिला सांगतो,” तो शेवटी म्हणाला. “आई गेली म्हणून सांगतो.”

“गेली म्हणू नका. जायची तर ती रोजच. गेलेलं माणूस येतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.”

“मग देवाघरी—”

“तिथूनही येईल म्हणून वाट बघेल. आणि झोपली असं तर अजिबात म्हणू नका, ती जन्मात डोळे मिटणार नाही.”

“वारली?”

“तिला तो शब्द माहीत नाही हो.”

“मग काय म्हणू, काकू?”

दीपमालानं पदरानं तोंड पुसलं. “मेली म्हणा.”

हा शब्द आपण डासाला वापरतो, भांडणात वापरतो. आपल्या माणसाला कुणी वापरत नाही. आणि ऋतुजाला, आमोदनं, तिच्या पोरीसमोर! मी म्हणणारच होते की असं कसं बोलायचं, पण दुसरा शब्द मलाही सुचेना. आजपर्यंत मला आपल्या भाषेचा इतका राग कधी आला नव्हता.

“माझ्या तोंडातून निघणार नाही ते,” आमोद म्हणाला.

“मी बोलू का?”

“नको. मीच.”

तो आत गेला. पोरीच्या चटईशेजारी जमिनीवर बसला. बाबाला भरदुपारी बघून मुक्ताला नवल वाटलं, पण ती उठली नाही. आम्ही दोघी दारातच थांबलो.

“मुक्ता,” तो म्हणाला, “आई परगावी नाही गेलेली. आई मेली.”

“डासासारखी?”

आमोदनं डोळे मिटले. “हो. म्हणजे ती आता हलत नाही, बोलत नाही. तिला काही दुखत नाही. तिला तुझ्याकडे यायचं होतं. पण मेलेलं माणूस येऊ शकत नाही.”

मुक्ता त्याच्याकडे बघत राहिली. “मी नीट झोपले तरी?”

“तू नीटच झोपत होतीस, राजा. रोज नीट झोपलीस. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही.”

ती तशीच पडून विचार करत होती. पांघरुणाचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

“मग मी उठू?” तिनं विचारलं.

आमोदला ऊठ म्हणायचं होतं. त्यानं नुसती मान डोलावली आणि तिच्या मुठीतलं पांघरुणाचं टोक हळूच सोडवलं.