उभ्या गाडीचं इंजिन

पद्मावतीकाकीला गाडी चालवता येत नाही, चालू करता येते. तेवढं एक शिकली. नवरा गेला तेव्हा जुनी व्हॅन खळ्यातच राहिली. वापर नसला की बॅटरी बसते, असं तो म्हणायचा. म्हणून ती रोज सकाळी सीटवर बसून चावी फिरवी, दहा मिनिटं इंजिन धडधडू देई. जामसंड्याच्या त्या टोकाला वाडीत आता उघडी घरं तीनच. इंजिन वाजलं की बागेपलीकडून जानकी मोठ्यानं कुकारो घाली, "गेऽऽ!" म्हणजे काकी उठली हे जानकीला कळलं, आणि जानकी आहे हे काकीला.

एका सकाळी कुकारो आला नाही. झोपली असेल, म्हणून काकीनं इंजिन चालूच ठेवलं. वीस मिनिटं. अर्धा तास. ऐकू तरी जाऊ दे, म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. बॉनेटखालून वाफ आली, आत काहीतरी खाड्खाड् वाजलं आणि इंजिन जाम झालं.

बाग ओलांडून गेली तर जानकीच्या दाराला कुलूप. संध्याकाळी फोन लागला. जानकी मुलाकडे पोचली होती.

"झिलान अचानक आणल्यान गो मुंबैक. सांगूक वेळच गावलो नाय. आता हयच रवाचा."

दुसऱ्या दिवशी रविकांत मेस्त्रीनं इंजिन खोललं. आत नुसता गंज, मिठाचे पांढरे थर.

"काकी, रेडिएटरात खंयचा पाणी घालतंस?"

"आमच्या बावीचा."

"त्या पाण्यात डाळ तरी शिजता काय गो?"

"डाळीक मी नळाचा घेतंय."

"वा! डाळीक गोडा आणि इंजिनाक खारा! त्येनी तुझा काय घोडा मारल्यान?" त्यानं हात पुसले. "ह्या गेला. कणकवलेक भंगारातल्या व्हॅनीचा एक बरा इंजिन आसा. पण तुका खंय जाऊचा आसा? कित्याक घालतंस?"

"तू घाल."

दोन दिवस साखळी-कप्पी लावून त्यानं जुनं उतरवलं, दुसरं बसवलं. ते दोन दिवस काकी दोन माणसांचा भात लावत होती. शेवटी त्यानं चावी फिरवली.

"ऐक! कसा गुळगुळीत चलता. खळ्याच्या भायर आवाज जाऊचो नाय!"

काकी ऐकत राहिली. बागेपर्यंतसुद्धा जात नव्हता.

"सायलेन्सर काढ."

"काय?"

"काढ म्हणतंय ना."

"अगे, खालच्या वाडीतली माणसां धावान येतली!"

"येवंदेत," ती म्हणाली, आणि चहाचं आधण वाढवायला आत गेली.