अण्णा, घालू का?

कबनूरच्या त्या गल्लीत उन्हाळ्यातली सकाळ उजाडायची ती तानाबाईच्या हाकेनं. तिचा आवाज म्हणजे मागावरनं सुटलेला धोटाच. मधल्या सगळ्या गच्च्या ओलांडून नेमका बाळाप्पांच्या कानात शिरायचा.

"अण्णाऽऽ! घालू काऽऽ?"

मग बाळाप्पा चहाचा कप घेऊन गच्चीवर यायचे, कपाळावर हात आडवा धरायचे आणि गल्लीच्या टोकाच्या चिमणीकडे बघायचे. चिमणी सायझिंगची. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. खळ शिजवायला, सूत वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला दगडी कोळसा. त्या बॉयलरच्या तोंडाशी बाळाप्पांची उमर गेली होती. रिटायर झाले तरी चिमणी त्यांचीच. धूर काळा आणि लोळत निघाला की कोळसा आत्ताच पडलाय. पिवळट निघाला की आत कोणीतरी विस्तव ढोसतंय. पांढुरका, सरळ वर गेला की भट्टी रांगेला लागली.

"थांब गं तानाक्का, भरतोय त्यो! जरा दम खा!"

"आवं, दम खाऊन खाऊनच दमा व्हायचा की!"

"हांऽऽ, आता घाला!"

असं म्हणायचा अवकाश, पापड, सांडगे, मिरच्या, बाळाची दुपटी, सगळं गच्च्यांवर पसरायचं. पावणं कोणी आलं की तानाबाई कौतुकानं सांगायची, "आमच्यात टीव्हीवरचं हवामान बघत न्हाईत. आमचा अण्णा हाय."

बाळाप्पा मूळचे हुक्केरीकडचे. तिथून आले तेव्हा तोंडात कानडी आणि हातात एक पिशवी. बॉयलरपाशी उभं केलं त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले, तर बायकोनं, हिराबाईंनी, दार उघडलं आणि "मालक न्हाईत घरात" म्हणून लावून घेतलं. दात दाखवले तेव्हा कुठं ओळख पटली! पण काय दिवस होते ते. निखाऱ्याच्या राखेत रताळी पुरून ठेवायची आणि रातपाळीच्या कामगारांनी वासावर यायचं. दिवाळीत गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन बॉयलरच्या गरम पाण्याला रांग लावायच्या, त्या पाण्यानं पोरांना आंघोळी घालायच्या. भोंग्याची साखळी बाळाप्पांच्या हातात. त्यांनी ओढली की अख्ख्या गल्लीनं डबा उचलायचा. खळीचा आंबूस वास, ओल्या कोळशाचा वास, आणि लांबून मागांची खडखड. ती बंद पडली की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. आता मागही निम्मे भंगारात गेले होते आणि भोंग्याच्या जागी मोबाईल वाजत होते. राहिली होती ती एवढी चिमणी. तिला कोणी नावं ठेवली की बाळाप्पा भडकायचे.

"धूर म्हणू नगंस त्याला. त्याच्यावर घरं उभी राहिली हिथं!"

एकानं मात्र त्यांना वेगळं सांगितलं होतं. चंद्रपुराकडून कोळशाचा ट्रक घेऊन गोमाजी नावाचा ड्रायव्हर यायचा. राखेतलं रताळं सोलता सोलता तो म्हणाला होता, "तुमचं बरं आहे ना बाप्पा. तुमच्याइकडं एकच चिमनी आहे. आमच्याइकडं तं खानच गावाच्या वेशीपाशी आली. सुरुंग लावला का ताटातली भाकर उडते. विहिरीचं पानी गेलं. अन् बाजारात पांढरा बैल घ्याचा असन, तं आंधी धुऊन पाहा लागते, खरंच पांढरा आहे का नाई!"

बाळाप्पा पोट धरून हसले होते. पुढं कितीतरी वर्षं गल्लीत गोमाजीची नक्कल करून दाखवायचे. बैल धुताना हात कसा फिरवायचा तोसुद्धा.

यंदा नात शांभवीचं लग्न ठरलं. सासर निपाणीचं. लग्न म्हटलं की रुखवत आलं, आणि रुखवत म्हटलं की हिराबाईंची कुरडई. गल्लीतल्या कितीतरी लेकींच्या रुखवतात ती मोगऱ्यासारखी पांढरी कुरडई मांडली गेली होती. आता सख्ख्या नातीची पाळी. हिराबाईंनी तीन दिवस गहू भिजवला, वाटून चीक काढला, पहाटे उठून शिजवला. सोऱ्या दाबून दाबून शांभवीचे दंड भरून आले.

"अज्जी, सासरच्यांना विकतची चालत न्हाई का गं?"

"चालती की. मग तुलाबी विकतचीच म्हणतील. दाब!"

एरवी हिराबाई नवऱ्याला कधी विचारत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "आज नीट बघा हं. नातीचं हाय."

बाळाप्पांनी बघितलं. पुन्हा बघितलं. चिमणीवर धूरच नव्हता! काळा नाही, पिवळा नाही, पांढरासुद्धा नाही. वर नुसतं निळं आभाळ.

"घाला बिनघोर! आसली भट्टी मीबी कधी लावली न्हवती."

आणि ऐटीत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. निपाणीच्या पावण्यांपुढं काय काय मांडायचं ते लोकांना ऐकवत राहिले. दुपारी शांभवीच बोलवायला आली.

"अज्जा, वर चला जरा."

पांढऱ्या कापडावर कुरडया राखाडी पडल्या होत्या. पिठासारखी बारीक राख प्रत्येक ओल्या तारेला चिकटली होती. बाळाप्पांनी फुंकर घातली, उडाली नाही. बोट लावलं, तर काळा ओरखडा उमटला. पलीकडं तानाबाई पापडांपुढं उभी होती. तिनं एक पापड उचलला, हिराबाईंकडं बघितलं आणि पदरानं पुसायला लागली. 

हिराबाई खोकल्या. रोज सकाळी खोकायच्या तशाच. मग शांतपणे म्हणाल्या, "जलमभर तुमच्या बनेली धुतल्या. कुरडई धुता येत न्हाई."

बाळाप्पा तडक सायझिंगवर गेले. नवा फायरमन कृष्णात घाम पुसत बाहेर आला.

"आवं अण्णा, भट्टीला पंखा बसीवलाय की! कोळसाबी आता भुगा येतोय, स्वस्तातला. पंख्यानं धूर जळतोय, पर राख उडतीया. दिसत न्हाई. माझ्याच घरात जाऊन बघा, पाण्याच्या घागरीवर साय धरल्यागत धरतीया."

बाळाप्पा चिमणीखाली उभे राहिले. कितीतरी सकाळी 'आता घाला' म्हणून ओरडलो, तेव्हा त्या पांढऱ्या धुरातनं काय खाली येत होतं? आणि हिराचा तो खोकला? त्याला ते नेहमी पंख्याचा वारा, नाहीतर चिंचेची आमटी म्हणत आले होते. पांढरा बैल धुवायची नक्कल आठवली आणि हात खिशात घालावेसे वाटले.

घरी जाऊन त्यांनी कुरडयांची परात उचलली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मालक विजयसिंह, थोरल्या मालकांचा मुलगा. लहानपणी बाळाप्पांच्याच हातची रताळी खाल्लेला.

"या या काका! कुरडई? लग्नाची वाटतं?"

"खाऊन बघा."

विजयसिंहांनी एक उचलली, बोटांकडे बघितलं आणि खाली ठेवली.

"पण काका, आता तर धूर दिसतसुद्धा नाही."

"मलाबी दिसला न्हाई, मालक. मीच घाला म्हणालो."

विजयसिंहांनी रुमालानं बोटं पुसली.

"असं करू," विजयसिंह म्हणाले, "पुन्हा गहू भिजवा. ज्या दिवशी कुरडई घालाल, त्या दिवशी भट्टी बंद. शांभवीसाठी. शब्द दिला."

बाळाप्पा परात उचलून घरी आले. गहू भिजला, चीक शिजला आणि त्या सकाळी चिमणी खरंच थंड होती. बातमी गल्लीभर कधीच झाली होती. हाक न मारता सगळ्या गच्च्या भरल्या. पापड, गाद्या, लोकरीचे स्वेटर, कोणाची तरी पैठणी. तानाबाईनं तर नवऱ्यालाच उन्हात बसवलं. "बसा हो, तुमचीबी काजळी उडू दे!" दुपारी हिराबाईंनी एक कुरडई उजेडाकडं धरली. मोगरा. बाळाप्पांनी नुसतं बघितलं, हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. वर निळं आभाळ, धूर कुठंच नाही.

"अण्णाऽऽ! घालू काऽऽ?"

बाळाप्पांनी चिमणीकडे बघितलंच नाही. गच्चीच्या कठड्यावरनं एक बोट ओढलं, डोळ्यापुढं धरलं आणि खाली येऊन सदरा घालायला लागले.

"आता कुठं?" हिराबाई म्हणाल्या. "नातीची झाली की कुरडई."

"तानाक्काचे पापड ऱ्हायलेत की," बाळाप्पा म्हणाले. "ती परात दे इकडं. काळ्या कुरडयांची."